‘प्रमाण काय?’ हा प्रश्न ऐकण्यासाठी स्पर्धेत उतरा

(यावल येथे पदविका व पदवी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर आणि त्यांच्या पालकांसमोर झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन. – संपादक)



अभियांत्रिकी परिषदांमध्ये विद्यार्थ्यांसाठी ज्या संशोधन स्पर्धा भरतात, त्यांविषयी मी आज बोलावे असे संयोजकांनी सुचविले. विषय ऐकल्यावर आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, हे सारे पुण्या-मुंबईच्या मुलांचे. आपल्या मुलांनी वेळेवर परीक्षा द्यावी, चांगले गुण मिळवावेत आणि नोकरीला लागावे, एवढे पुरे झाले. ही भावना मी समजू शकतो. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी अभियंता होत आहे, त्या घराला हा हिशेब करावाच लागतो. तरीही अशा एका तरी स्पर्धेत यावल तालुक्यातील प्रत्येक होतकरू विद्यार्थ्याने उतरावे असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे कारण पारितोषिक हे नाही. ते कारण आज सविस्तर मांडावयाचे आहे.

स्पर्धेचे स्वरूप

प्रथम या स्पर्धा कशा असतात ते पाहू. आपल्या राज्यात २००६ साली कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने ‘आविष्कार’ हे आंतरविद्यापीठ संशोधन संमेलन सुरू झाले. प्रथम महाविद्यालय, नंतर विद्यापीठ आणि शेवटी राज्य अशा चाळणीतून विद्यार्थी पुढे जातो. मानव्यविद्या, वाणिज्य व विधी, शुद्ध विज्ञान, कृषी व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी व तंत्रज्ञान, वैद्यक व औषधनिर्माण असे सहा गट असतात. पदवीचा विद्यार्थी, पदव्युत्तर विद्यार्थी आणि त्यापुढचा संशोधक यांचे स्तर वेगळे असतात, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या मुलाची गाठ विद्यावाचस्पती पदवीसाठी काम करणाऱ्याशी घातली जात नाही. आपल्या भागातील काही महाविद्यालये जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी, तर काही लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. ज्याने त्याने आपल्या महाविद्यालयातील समन्वयक प्राध्यापकांकडे चौकशी करावी.

पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठीही दारे बंद नाहीत. अखिल भारतीय विद्यार्थी परिषद आणि सृजन यांच्या वतीने ‘डिपेक्स’ हे प्रदर्शन व स्पर्धा १९८६ पासून भरत आली आहे आणि तिचा आरंभच पदविका विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांपासून झाला. केंद्र सरकारची ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ २०१७ पासून सुरू आहे. तिचा भर ठरावीक मुदतीत उपाय उभा करण्यावर असतो. संगणकशास्त्राच्या क्षेत्रात ‘असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी’ ही जागतिक संस्था आपल्या परिषदांमध्ये विद्यार्थी संशोधन स्पर्धा घेते. तेथे विद्यार्थी आधी कामाचा सारांश पाठवितो, निवड झाल्यास परिषदेत फलक लावून उभा राहतो, त्यातून निवडलेले विद्यार्थी जाणकारांपुढे भाषण करतात आणि निरनिराळ्या परिषदांमधील विजेते अंतिम फेरीत जातात.

नावे निराळी असली तरी गाभा एकच आहे. तुम्ही एक प्रश्न घेता, त्यावर काम करता, ते थोडक्यात लिहिता, आणि मग त्या विषयातील एक अनोळखी जाणकार तुमच्यासमोर उभा राहून विचारतो, “हे तुम्हाला कशावरून कळले?” आपल्या परीक्षापद्धतीत हा प्रश्न जवळजवळ कधीच विचारला जात नाही. परीक्षेत उत्तर पुस्तकातले असते आणि पुस्तक बरोबर आहे हे गृहीत धरलेले असते. संशोधन स्पर्धेत उत्तर तुमचे असते, म्हणून त्याचे प्रमाणही तुम्हालाच द्यावे लागते. स्पर्धेत उतरायचे ते हा प्रश्न ऐकण्यासाठी.

पाटणचा मठ

हा प्रश्न आपल्याला परका नाही. आपल्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे शके ११२८ मधील दानाची नोंद असलेला एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील राजाने त्याला दान दिले, असे त्यात नोंदविलेले आहे. लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या देशी भाषेत आहे. बाजारात येणाऱ्या मालावरील करातून आणि तेलाच्या घाण्यांमागून मठाला काय मिळावे, हे त्यात सांगितले आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी खानदेशातील ग्राहक आणि तेली गणिताच्या अध्ययनाचा भार उचलीत होते.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त नियमांमागोमाग उदाहरणे येतात आणि ती वाचणाऱ्याला विचारलेल्या प्रश्नांच्या रूपात असतात. ‘सिद्धान्तशिरोमणी’वर त्यांनी स्वतःच भाष्य लिहिले आणि आपल्या नियमांची उपपत्ती त्यात दिली. नियम सांगून ते थांबले नाहीत, तो का खरा आहे हेही सांगितले. आपल्या पूर्वजांचा अभिमान बाळगणाऱ्याने त्यांच्याकडून घ्यावयाची गोष्ट हीच आहे. ‘हे सर्व आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणून हात झटकणारा भास्कराचार्यांचा वारसदार ठरत नाही. आपल्या विधानाची उपपत्ती देणारा ठरतो.

न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. सत्य काय आहे ते कळावे म्हणून प्रमाणांच्या आधारे केलेली चर्चा तो वाद. कोणत्याही उपायाने जिंकण्यासाठी केलेली चर्चा तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढणे ही वितंडा. संशोधन स्पर्धेत अनेक विद्यार्थी जल्पाच्या तयारीने जातात. चकचकीत फलक, पाठ केलेले इंग्रजी भाषण आणि परीक्षकाचा प्रश्न टोलविण्याची युक्ती एवढीच त्यांची शिदोरी असते. जो वादाच्या तयारीने जातो तो हरला तरी काहीतरी घेऊन परततो, कारण आपल्या कामात प्रमाण कोठे कमी पडले हे त्याला समजलेले असते.

प्रश्न आपल्या मातीतला

आता मुख्य अडचणीकडे येऊ. विद्यार्थी मला विचारतात, “सर, विषय कोणता घ्यावा?” आणि बहुतेक वेळा विषय सुरू होतो तो कोणत्या तरी नव्या तंत्राच्या नावापासून. कृत्रिम बुद्धिमत्ता, ड्रोन, वस्तूंचे आंतरजाल असे एखादे नाव निवडायचे आणि मग त्याला लावण्यासाठी प्रश्न शोधायचा. हा क्रम उलटा आहे. आधी प्रश्न आणि मग साधन.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस आपण १५ सप्टेंबरला अभियंता दिन म्हणून साजरा करतो. पुण्याला शिक्षण घेऊन ते १८८४ साली मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात दाखल झाले आणि आरंभीच्या काळातच त्यांची नेमणूक खानदेशात, धुळ्याला झाली. पांझरा नदीच्या पात्राखालून पाण्याची वक्रनलिका नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळ्याचे दिवस, पुराबरोबर येणारी वाळू आणि हाताशी तुटपुंजी साधने. त्या पात्राने तरुण अभियंत्याला जे शिकविले, ते कोणत्याही वर्गात शिकविणे शक्य नव्हते. पुढे १९०३ मध्ये खडकवासल्याच्या जलाशयावर बसविलेल्या स्वयंचलित दारांची कल्पनाही अशाच एका समोर दिसणाऱ्या अडचणीतून निघाली. सांडव्यावरून वाहून जाणारे पाणी धरणाची उंची न वाढविता कसे अडवावे, हा तो प्रश्न होता.

यावल तालुक्यात असे प्रश्न कमी आहेत काय? आपल्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. त्याच्या पायथ्याशी दगडगोटे आणि जाड्याभरड्या वाळूचा जो पट्टा आहे, त्याला भूगर्भशास्त्रज्ञ ‘बझाडा’ म्हणतात. शब्द मूळ स्पॅनिश, अर्थ उतार. डोंगरातून खळाळत आलेला नाला या पट्ट्यात शिरला की पाणी दिसेनासे होते, कारण ते जमिनीत उतरते. त्याखालून तापीकडे जाणाऱ्या गाळाच्या खोल थरांना हेच पाणी मिळते आणि त्याच पाण्यावर यावल-रावेरच्या केळीबागा उभ्या आहेत. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यमापनांत यावल आणि रावेर हे तालुके अतिउपसा झालेले म्हणून नोंदले गेले आहेत. आजोबांच्या काळात मोटेने पाणी निघत असे, वडिलांच्या काळात विहिरीत आडवे-उभे बोअर घ्यावे लागले, आणि आज कूपनलिका किती खोल न्यावी लागते हे येथे बसलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांनी तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेसाठी करार केला, त्यामागे याच पट्ट्याचा हा गुण आहे.

मोठी योजना होईल तेव्हा होईल. पण आपल्या गावाच्या नाल्यात पाणी किती वेगाने मुरते, हे मोजण्यासाठी योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

एक उदाहरण

समजा, स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी असा प्रश्न घेतला: बझाडा पट्ट्यातील नाल्याच्या पात्रात बंधाऱ्यामागे साचलेला गाळ काढला, तर पाणी मुरण्याचा वेग किती वाढतो, आणि एका पावसाळ्यानंतर ती वाढ किती उरते? ‘जलसंधारणाचे महत्त्व’ हा निबंधाचा विषय झाला. वरचा प्रश्न संशोधनाचा आहे, कारण त्याचे उत्तर आकड्यात येते आणि ते आपल्या अपेक्षेच्या उलटही येऊ शकते.

पाणी मुरण्याचा वेग मोजण्याचे साधे साधन म्हणजे एकात एक बसणारी दोन लोखंडी कडी. आतले साधारण तीस सेंटिमीटर व्यासाचे, बाहेरचे साठ. दोन्ही जमिनीत ठोकून पाणी भरायचे आणि आतल्या कड्यातील पाणी ठरावीक मिनिटांनी किती खाली गेले ते पट्टीने मोजायचे. बाहेरच्या कड्यातील पाण्यामुळे आतले पाणी बाजूला न पसरता सरळ खाली जाते. गावातील लोहाराकडून ही कडी करून घेता येतात. पण आपल्या नाल्यात गोटे इतके की, कडे आत जाणारच नाही! मग काय करावयाचे? ठरावीक मापाचा खड्डा खणून त्यात पाणी भरून वेळ मोजता येईल. दोन्ही पद्धतींचे आकडे एकाच मऊ जागी घेऊन त्यांचा परस्परसंबंध पाहता येईल. ही अडचण फलकावर लपवू नका. परीक्षकाला सर्वाधिक रस याच ठिकाणी वाटेल, कारण त्यावरून तुम्ही प्रत्यक्ष नाल्यात उतरला होता हे सिद्ध होते.

एका जागी एकदा मोजून काही कळत नाही. गाळ काढण्यापूर्वी पाच-सहा जागी, काढल्यावर त्याच जागी आणि पावसाळ्यानंतर पुन्हा त्याच जागी मोजावे लागेल. शिवाय जवळचा एखादा नाला, ज्यातील गाळ काढलेला नाही, तोही त्याच दिवसांत मोजला पाहिजे. अन्यथा परीक्षक विचारील, “बदल गाळ काढल्यामुळे झाला कशावरून? यंदाचा पाऊसच निराळा असेल!” या प्रश्नाला त्या दुसऱ्या नाल्याखेरीज उत्तर नाही. आसपासच्या विहिरींची पातळी मे महिन्यात आणि पावसाळा सरल्यावर दोरी-ओळंब्याने मोजून ठेवावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या नोंदी ठेवते, त्यांच्याशी आपले आकडे ताडून पाहावेत.

यातून आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. महाविद्यालयीन फेऱ्या साधारणपणे पावसाळ्यानंतरच्या सत्रात होतात, तारखा दरवर्षी बदलतात. पण पाण्याचा प्रश्न घेतला, तर काम मे महिन्यातच सुरू झाले पाहिजे. सूचनाफलकावर स्पर्धेची सूचना लागल्यावर विषय शोधू लागणाऱ्याला निसर्ग मागचा पावसाळा परत देत नाही.

आधी काय झाले आहे ते वाचा

दुसरे उदाहरण केळीच्या खोडाचे. घड कापल्यावर खोड उरते. त्यातून धागा निघतो, हे समजल्यावर आपल्याकडच्या पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटते की, हा आपला शोध. प्रत्यक्षात या धाग्यावर, त्याला क्षाराची प्रक्रिया करण्यावर, राळेत मिसळून त्याच्या पट्ट्या बनविण्यावर भारतात आणि भारताबाहेर विपुल काम झालेले आहे. परीक्षकाने ते वाचलेले असते. विद्यार्थ्याने वाचलेले नसते. तेथेच डाव संपतो.

म्हणून विषय मनात आला की पहिला महिना वाचनाला द्या. देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. ‘राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय’ आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना विचारा. विद्यार्थी आपणहून विचारायला आला की बहुतेक ग्रंथपालांना आनंदच होतो. दहा लेख नीट वाचले की अकरावा प्रश्न आपोआप सुचतो. मृगबागेच्या आणि कांदेबागेच्या खोडातील धाग्याच्या बळकटीत फरक पडतो काय? करपा आलेल्या झाडाचा धागा कितपत उपयोगी असतो? हे प्रश्न मुंबईत बसलेल्या विद्यार्थ्याला सुचणे कठीण, कारण मृगबाग आणि कांदेबाग हे शब्दच त्याच्या कानांवरून गेलेले नसतात. ज्याला आपण आपले मागासलेपण समजतो, ते ग्रामीण जीवनच येथे आपले भांडवल ठरते. याच तालुक्यातील फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. देशाचा विचार खेड्यातून करता येतो, हे त्या वेळी दिसले होते. अभियांत्रिकीचा विचारही तसाच करता येईल.

विकत घेतलेला प्रकल्प

आता एका अप्रिय गोष्टीविषयी बोलतो. अंतिम वर्षाचे प्रकल्प तयार विकत मिळतात, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. शहरांतील दुकानांत पैसे मोजले की यंत्र, अहवाल आणि सादरीकरण असा पूर्ण संच हाती येतो. आता तर तेवढेही कष्ट नकोत. संगणकाला चार ओळी सांगितल्या की तो सारांश लिहून देतो आणि कधी कधी अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांचे संदर्भही देतो.

परीक्षक म्हणून फलकांच्या रांगेतून फिरताना असा प्रकल्प ओळखायला दोन मिनिटे पुरतात. “हा आकडा कोणत्या दिवशी मोजला? त्या दिवशी काय चुकले? हाच भाग का वापरला, दुसरा का नाही?” एवढे तीन प्रश्न विचारले की विकत घेतलेला प्रकल्प गप्प होतो. ज्याने स्वतः काम केले, त्याच्याकडे चुकांच्या दहा कहाण्या असतात. पण पकडले जाण्याची भीती हे प्रामाणिकपणाचे कारण असू नये. उद्या हेच विद्यार्थी पूल बांधतील, विजेच्या वाहिन्या टाकतील, पाण्याच्या योजना आखतील. ज्याने आकडा न मोजता लिहिण्याची सवय विद्यार्थिदशेत लावून घेतली, त्याने बांधलेल्या पुलावरून आपलीच मुले जाणार आहेत. राष्ट्रभक्ती हा शब्द आपण अनेकदा उच्चारतो. अभियंत्याच्या राष्ट्रभक्तीची पहिली पायरी म्हणजे मोजलेला आकडा जसा आला तसा लिहिणे.

संगणकाची मदत घेऊच नये असे मी म्हणत नाही. भाषा सुधारण्यासाठी, आलेख काढण्यासाठी ती अवश्य घ्यावी आणि घेतली असल्यास स्पर्धेच्या नियमांप्रमाणे तसे सांगावे. मात्र मोजणे आणि विचार करणे ही दोन कामे कुणाकडे सोपवू नयेत. सोबत्यांचे, मार्गदर्शकांचे, कडी करून देणाऱ्या लोहाराचे श्रेय ज्याचे त्याला द्यावे.

फलक, भाषण आणि परीक्षक

सारांश लिहिताना चार गोष्टी पुरेत: प्रश्न काय, तो का महत्त्वाचा, तुम्ही काय केले आणि काय आढळले. अर्धा सारांश ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ यात घालवू नका. शब्दमर्यादा ओलांडू नका. गटाची निवड विचारपूर्वक करा. पाणी मुरण्याचे काम अभियांत्रिकी गटातही बसते आणि कृषी गटातही. तुमच्या प्रश्नाचा भार मोजण्याच्या तंत्रावर आहे की शेतीवरील परिणामावर, हे पाहून ठरवा.

फलक चार-पाच फुटांवरून वाचता आला पाहिजे. त्यावर एक मुख्य आकृती असावी आणि ती पाहताच निष्कर्ष समजावा. अहवालाची पाने चिकटवली म्हणजे फलक झाला असे नाही. परीक्षक एका दिवसात कितीतरी फलक पाहतो, त्याच्याजवळ तुमच्यासाठी काही मिनिटेच असतात. तीन मिनिटांत सगळे सांगता येईल असा सराव करा.

भाषेची भीती अनेकांना वाटते. आपली मुले घरी लेवा बोलीत, अहिराणीत, तडवी वा पावरा बोलीत बोलतात, शाळेत मराठीत शिकतात आणि अभियांत्रिकीला अचानक इंग्रजी समोर येते. माझा अनुभव असा की, इंग्रजीमुळे अडखळणारे कमी आणि विषय न समजल्यामुळे अडखळणारे अधिक असतात. आधी आपले काम घरी आईला आपल्या बोलीत समजावून सांगा. तिला समजले आणि तिने एखादा अवघड प्रश्न विचारला, तर तयारी झाली असे समजा. मग तेच साध्या, लहान इंग्रजी वाक्यांत मांडा. परीक्षक उच्चारांना गुण देण्यासाठी आलेला नसतो.

आणि उत्तर ठाऊक नसेल तेव्हा काय करावे? “हे आम्ही तपासलेले नाही, तपासायचे झाले तर अशा रीतीने तपासू,” असे सांगावे. हे वाक्य उच्चारायला धैर्य लागते. संशोधकाची खरी ओळख त्या वाक्यात पटते.

पालकांशी दोन शब्द

पालकांनो, तुमच्या शंका मी ऐकल्या आहेत. अभ्यास बुडेल, खर्च होईल, नोकरीच्या वेळी कोण विचारतो! खर्चाचे म्हणाल, तर मी सांगितलेल्या प्रयोगाला दोन कडी, एक पट्टी, एक घड्याळ आणि पाण्याच्या बादल्या लागतात. अभ्यासाचे म्हणाल, तर द्रवयांत्रिकी आणि मृदाशास्त्र या विषयांचा याहून चांगला अभ्यास दुसरा नाही. आणि नोकरीच्या मुलाखतीत ‘तुम्ही स्वतः काय केले?’ हा प्रश्न हमखास येतो. पारितोषिक मिळाले नाही तरी त्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पाल्याजवळ असेल.

मुलींच्या पालकांना एक विशेष विनंती. महाविद्यालयीन फेरीत मुलगी पहिली येते आणि पुढची फेरी परगावी, मुक्कामाची असली की नाव मागे घेतले जाते, असे घडते. काळजी वाटणे स्वाभाविक आहे. सोबत कोणत्या शिक्षिका आहेत, मुक्काम कोठे आहे, परतीची व्यवस्था काय, हे सर्व अवश्य विचारा. महाविद्यालयाने त्याची समाधानकारक उत्तरे दिलीच पाहिजेत. पण विचारल्यावर पाठवा. वर्षभर नाल्यात उभे राहून तिने मोजलेले आकडे दुसऱ्याने सांगावेत, हे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

आकडे गावाला परत द्या

शेवटी, स्पर्धा संपल्यानंतरच्या कर्तव्याविषयी. बहुतेकांना पारितोषिक मिळणार नाही, हे उघड आहे. फलक गुंडाळून घरी येतो, अहवाल कपाटात जातो आणि ज्यांच्या विहिरीत आपण ओळंबा सोडला होता, त्यांना काय निघाले हे कधीच समजत नाही. असे होऊ देऊ नका. ज्या शेतकऱ्याने तुम्हाला आपल्या बांधावर उभे राहू दिले, आपल्या मोटारीचे पाणी प्रयोगाला दिले, त्याच्याकडे परत जा. ग्रामसभेत पाच मिनिटे मागून घ्या आणि मराठीत सांगा: आम्ही अमुक इतक्या जागी मोजले, गाळ काढल्याने एवढा फरक पडला, एका पावसाळ्यानंतर एवढा उरला, आणि एवढे आम्हाला अजून समजलेले नाही. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना वही सोपवा, म्हणजे त्यांचे काम पहिल्या पानापासून सुरू होणार नाही. पाच वर्षे पाच तुकड्यांनी एकाच नाल्याची नोंद ठेवली, तर ती वही कोणत्याही पदकापेक्षा मोलाची ठरेल. पुनर्भरणाची योजना आखणारा अभियंता उद्या या भागात येईल, तेव्हा त्याला दाखवायला गावाजवळ स्वतःचे आकडे असतील.

पाटणच्या मठासाठी त्या काळच्या बाजाराने आणि घाण्यांनी आपला वाटा दिला. आज तुमच्या शिक्षणासाठी केळीच्या बागा वाटा देत आहेत. त्याची परतफेड कशी करावयाची, हे ठरविणे तुमच्या हाती आहे. या आठवड्यात दोघा-तिघा मित्रांनी मिळून एक प्रश्न निवडा, तो एका वाक्यात वहीत लिहा आणि त्याखाली लिहा: ‘प्रमाण काय?’ तेथून कामाला लागा.